ग्लेनिसची पेटी आणि नऊ नंबरची बोअर

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या क्वॉर्न गावात ग्लेनिस नॅनकिव्हेलला सगळे ओळखत, पण ती नेमकं काय करते हे कुणालाच धड सांगता आलं नसतं. "ती कॉम्प्युटरवाली," एवढ्यावर गावाचं भागत असे. बेकरीतली बार्ब तर दर शुक्रवारी खिम्याची पेस्टी कागदात गुंडाळता गुंडाळता तिला तेच तेच ऐकवी.

"ग्लेन, माझा प्रिंटर परत कागद खातोय गं."

"बार्ब, मला प्रिंटरमधलं काही कळत नाही."

"मग कशातलं कळतं?"

"बोअरच्या पंपातलं. म्हणजे पंपातलंही नाही, पंपावरच्या पेटीतलं."

"त्या पेटीत कॉम्प्युटर असतो ना?"

"असतो. नखाएवढा."

"माझा चांगला टोपलीएवढा आहे. तुला सोपाच पडेल."

ग्लेनिस पैसे मोजून ठेवी. ती पेस्टी घेई, सॉसची पुडी घेई आणि रेल्वेच्या रुळांपलीकडच्या आपल्या घराकडे चालू लागे. पुढच्या शुक्रवारपर्यंत गावातल्या माणसाशी तिचं तेवढंच बोलणं.

वय एकसष्ट. बाप पीटरबरोला रेल्वेत फिटर होता. पोरगी दहा वर्षांची असताना त्याने तिला एक बंद पडलेला रेडिओ आणून दिला आणि म्हणाला, हा बोलला तर तुझा. तो बोलला. पुढे ॲडलेडला कॉलेजात एकतीस मुलगे आणि ही एकटी. मग बोअरच्या पंपांवर बसवायच्या पेट्या करणाऱ्या एका कंपनीत लागली. सोळा वर्षांपूर्वी आईचं एक अंग लुळं पडलं तेव्हा तिला सांभाळायला क्वॉर्नला आली. कंपनीने घरून काम करू दिलं. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तिने टेबल टाकलं, सोल्डरिंगची सळई आणली, पाणी मारून हवा गार करणारा कूलर बसवला. आई आठ वर्षांनी गेली. ग्लेनिसचं परत जायचं राहून गेलं. कधी कुणी विचारलं तर ती म्हणे, कूलर खिडकीत पक्का केलाय, आता काढणं अवघड. विचारणारेही हळूहळू विचारायचे थांबले.

तिचं काम असं, की उत्तरेकडच्या मोठमोठ्या स्टेशनांवर, म्हणजे गुरं पाळायच्या अफाट रानांवर, जिथे एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत जायला अर्धा दिवस लागतो, तिथे गुरांना पाणी पाजणाऱ्या बोअरवर एक राखाडी पेटी बसवायची. टाकी रिकामी होऊ लागली की पेटी पंप चालू करणार, भरली की बंद करणार. मालकाने घरून उपग्रहामार्फत विचारलं की उत्तर पाठवणार: टाकी अमुक, पंप चालू, सगळं बरं. हे सगळं करायला आतल्या नखाएवढ्या प्रोसेसरपाशी मेमरी केवढी, तर एका पोस्टकार्डावर बारीक अक्षरात मावेल तेवढी. त्यातल्या एकेका अक्षराचा हिशेब ग्लेनिसने स्वतः लावला होता, सी भाषेत. ती भाषा जुन्या वळणाची. सांगाल तेवढं करते, शहाणपणा शिकवत नाही. एका वाफ्याचं पाणी बांध फोडून शेजारच्या वाफ्यात शिरलं तरी हूं की चूं करत नाही. पीक आडवं झालं की मग आपल्याला कळतं.

*

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी सव्वासातला फोन वाजला. ग्लेनिसने आधी घसा खाकरला. आदल्या दुपारपासून ती कुणाशी बोलली नव्हती, आणि अशा वेळी पहिला शब्द घोगरा निघे.

"पान्याच्या पेट्या करत्यात ते तुमीच न्हवं?"

"हो, बोला."

"मी यारापिनावरनं आयल्सा गिल्मोर. तुमची पेटी मेलीय."

"मिसेस गिल्मोर, कुठली पेटी..."

"मिसेस गिल्मोर माझी सासू हुती. तिला मरून ईस वर्सं झाली. मला आयल्सा म्हन. नऊ नंबरच्या बोअरवरची पेटी. तिसऱ्यांदा मेली."

यारापिना म्हणजे क्वॉर्नपासून गाडीने पाच तास उत्तरेला. आठशे गुरं, दोन कुत्रे आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आयल्सा. नवरा रॉस होता तोवर दर तिसऱ्या दिवशी गाडी काढून सगळ्या बोअरींची फेरी मारायचा, मातीच्या रस्त्याने दीडशे किलोमीटर. चार वर्षांपूर्वी तो गेला. आयल्साच्या कमरेत नवा सांधा बसवलेला. एखाद्या बोअरपर्यंत ती जाऊन येई, अख्खी फेरी तिच्याने होणारी नव्हती. तेव्हापासून फेरी म्हणजे ग्लेनिसच्या पेट्याच.

"मेली म्हणजे काय झालं?"

"पडद्यावर नुस्तं 'थांबले आहे' आलंय. पंप बंद. हौदात चिखल. मी बटन दाबलं तर परत चालू. म्हंजी दुखनं काईच न्हाई, पन मरून पडलीय, आसं."

ग्लेनिसला यातलं निम्मं लगेच कळलं. पेटीत एक राखणदार असतो. आतलं काम भलतीकडे भरकटलं की तो सगळं पाडून नव्याने सुरू करतो. पण नव्याने सुरू झालेली पेटी पंपाला हात लावत नाही. कोरड्या बोअरवर पंप फिरत राहिला तर जळून जाईल, म्हणून माणसाने येऊन बटण दाबेपर्यंत ती गप्प बसते. हा नियमही ग्लेनिसचाच. उरलेलं निम्मं, म्हणजे काम भरकटतं कशाने, ते मात्र कळलं नाही.

"उन्हाळा चढला की हौदात दीड दिवसाचं पानी," आयल्सा म्हणाली. "मी वरचेवर बघती म्हनून आजवर भागलं. पन लेकीचा नवरा म्हनतो, पेट्या भरवशाच्या न्हाईत तर गुरं काढा न गॉलरला आमच्याकडं चला. माझ्यासाटी खोली बी रंगवून ठिवलीय त्यानं. पिवळी."

"पिवळा रंग चांगला असतो."

"मग तू ऱ्हा तितं."

दुपारी ॲडलेडहून कॅलमचा फोन आला. कंपनी नव्या लोकांनी घेतल्यापासून जुन्या पेट्या त्याच्या गळ्यात होत्या. माणूस वाईट नव्हता, पण बोलताना कायम चालत असे, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य घाईचं वाटे.

"ग्लेन, ऐक. त्या पेट्या चौदा वर्षं जुन्या आहेत. एकदा बंद पडली, ठीक. तीनदा म्हणजे रिस्क आहे. पंधरा डिसेंबरपर्यंत कारण सापडलं तर बघू. नाहीतर यारापिनावरच्या सगळ्या काढून आणू."

"नव्या पेट्यांना मोबाइलचा टॉवर लागतो. तिथे टॉवर नाही."

"मग त्यांनी माणूस ठेवावा."

"माणूस मिळत नाही."

"मग काय करू मी? चाळीस गुरं मेल्याचा फोटो पेपरात येऊ देऊ?"

पेट्या निघाल्या की आयल्सा निघाली, एवढं साधं होतं ते. ग्लेनिसने शेडमधल्या कॅलेंडरवर पंधरा तारखेला गोल केला.

*

तीन आठवडे तिने तसलीच पेटी टेबलावर मांडून छळली. टाकीऐवजी बादली. उन्हाऐवजी केस वाळवायचा पंखा. मेंढपाळाने मेंढी उलटी करून खूर तपासावेत तसा प्रोसेसरचा एकेक पाय तपासला. दर तासाला पेटीला प्रश्न पाठवला आणि पेटीने दर तासाला नम्रपणे उत्तर दिलं: टाकी ८२, पंप चालू, सगळं बरं. घरात सोन्यासारखं वागणारं आणि पाहुण्यांकडे गेलं की तमाशा करणारं पोर असतं, त्यातली ती गत.

पहिल्यांदा तिला वीज चमकण्याचा संशय आला. मग बॅटरीचा. मग आत मुंग्या गेल्याचा. दर वेळी आयल्साला विचारावं लागे.

"परवा विजा झाल्या का तुमच्याकडे?"

"विजा? आगं, ढग बघून मला सात म्हैने झालं."

"मुंग्या?"

"मुंग्या हायत. पन त्या साखरंच्या डब्यात. बोअरवर कशाला मरायला जातील?"

रोज सकाळी सव्वासातला आयल्साचा फोन येई, पेटी कशी आहे ते सांगायला. मग संध्याकाळी सहा वाजताही येऊ लागला. पेटीची बातमी अर्ध्या मिनिटात संपे. त्यानंतर आयल्सा ठेवते ठेवते म्हणत रानटी डिंगो कुत्रा कुठे दिसला ते सांगे, टपालाच्या गाडीवाल्याने दुसरं लग्न केलं ते सांगे, डस्टी नावाचा कुत्रा म्हातारा झाल्यापासून दुसऱ्याचं, ब्लूचं, जेवण कसं पळवतो ते सांगे. ग्लेनिस फार बोलत नसे. पण सात वाजले की ती केतली ठेवी, खुर्ची फोनजवळ ओढी, आणि एकदा फोन सात वीसपर्यंत आला नाही तेव्हा तिने रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे ना ते पाहिलं.

तिकडच्या माणसांची बोलायची तऱ्हा ग्लेनिसला ठाऊक होती. पूर्वी सगळ्या स्टेशनांना मिळून रेडिओची एकच वाट असे. एकाने तोंड उघडलं की पाचशे मैलांतली बायामाणसं ऐकणार. त्यामुळे कामापुरतं बोलायचं, एकदाच बोलायचं आणि वाट मोकळी करायची, हे अंगवळणी पडलेलं. कुणी दोनदा विचारलं की लोक म्हणत, हिला पहिल्यांदा ऐकू आलं नाही वाटतं. आयल्सा त्याच वळणाची, म्हणून तिच्या फोनवर रेंगाळण्याचं ग्लेनिसला नवल वाटे. पण नवल वाटलं तरी विचारायचं नसतं, हीही तिकडचीच रीत.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ग्लेनिसने जुना उपाय काढला. पोस्टकार्डाएवढ्या मेमरीत वरच्या टोकाला हातातल्या कामांची फळी असते. प्रोसेसर एक काम करता करता दुसऱ्यासाठी उठला, की पहिलं अर्धवट काम त्या फळीवर ठेवतो. फळी वरून खाली भरत येते. खालच्या टोकाला टाकीची पातळी, पंपाची स्थिती असली कायमची नोंद. मधली जागा मोकळी. ग्लेनिसने त्या मोकळ्या जागेत सगळीकडे एकच आकडा भरून टाकला, भिंतीला चुना फासावा तसा. फळी जिथवर उतरेल तिथवर चुना खरवडला जाईल. आणि पेटी मेली तर राखणदाराने सगळं पुसण्याआधी शेवटची चोवीस घरं तशीच जपून ठेवायची, बटण दाबलं की एकेक करून पडद्यावर दाखवायची. असा नवा बोर्ड तिने गुरुवारच्या टपालगाडीने यारापिनाला पाठवला. आयल्साने तो स्क्रूड्रायव्हरने स्वतः बसवला.

"दोन स्क्रू उरलं," ती फोनवर म्हणाली.

"उरायला नको होते."

"रॉस कायबी बसवायचा तवा चार उरायचं. दोन म्हंजी चांगलंच की."

*

दोन डिसेंबरला सकाळी नऊ वाजता आयल्साने बोअरवरूनच फोन केला, गाडीतल्या सॅटेलाइट फोनने. आवाज विहिरीतून आल्यासारखा. मागे गुरांचं हंबरणं.

"मेली. चौथ्यांदा. हौद तळाला गेलाय. बटन दाबू?"

"दाबू नकोस," ग्लेनिस म्हणाली, आणि आपण तिला 'तू' कधीपासून म्हणायला लागलो हे तिच्या लक्षात आलं नाही. "डावीकडचं छोटं बटण दाब. पहिला आकडा वाच, मध्ये अक्षरं आली तरी."

"थांब, चष्मा. हां. शून्य. तीन. ए, ॲगीचा. ई, ईमूचा."

ग्लेनिसने पेन्सिलीने लिहिलं आणि लिहून झाल्यावर पेन्सिल तशीच धरून ठेवली. फळीचा तळ. कायमची नोंद जिथे संपते तिथून पुढे फळी कधी येताच कामा नये. आणि हा आकडा तर नोंदीच्या पार आत, सहासष्ट घरं खाली. चुना खरवडला गेला होताच, शिवाय भिंत फोडून फळी शेजारच्या खोलीत घुसली होती. दुखणं कुठे आहे ते आता कळलं. एवढं सामान फळीवर ठेवलं कुणी, ते राहिलं.

"आता पुढचे वाच. दोन-दोन आकडे येतील. चोवीस आहेत. सावलीत आहेस ना?"

"हितं सावली म्हंजी माझीच हाय. वाचती. चार चार. सात पाच. सात तीन. सात चार. सात नऊ. दोन शून्य."

ग्लेनिस लिहीत होती. चाळीस वर्षं असले आकडे पाहिलेल्या माणसाला ते आपोआप वाचता येतात, गवळ्याला गाईच्या चालीवरून दुखरा पाय कळावा तसे. हे टाकीच्या पातळीचे आकडे नव्हते. ही इंग्रजी अक्षरं होती, यंत्रात प्रत्येकाला ठरलेला आकडा असतो. चार चार, सात पाच, सात तीन, सात चार, सात नऊ: डस्टी. पुढचं दोन शून्य म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा.

"सहा सी. सी कसला म्हनशील तर कुकीचा. सहा नऊ. सहा डी, डस्टीचा. सात शून्य. सहा नऊ..."

डस्टी लंगडतोय.

आयल्सा एकेक आकडा नीट, सावकाश, डॉक्टरला लक्षणं सांगावीत तशी सांगत होती. उन्हात, चष्मा सावरत, मागे तहानलेली गुरं. आपण काय वाचतोय याचा तिला पत्ता नव्हता. ग्लेनिसच्या कागदावर अक्षरामागून अक्षर उमटत गेलं: डस्टी लंगडतोय. काटा निघाला. मी...

तिथे चोवीस घरं संपली.

"झालं," आयल्सा म्हणाली. "ग्लेन? हायस न्हवं? लई वाईट हाय का?"

"नाही. वाईट नाही. दाब आता मोठं बटण."

पंपाचा घरघराट फोनमधून ऐकू आला. "लागलं पानी," आयल्सा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ग्लेनिस कागदाकडे बघत बसली. पेटीला प्रश्न विचारायला एक चिन्ह पुरतं. पुढे काहीही लिहिलं तरी पेटी ते घेते, बाजूला ठेवते, वाचत नाही आणि ठरलेलं उत्तर पाठवते. आयल्सा स्वयंपाकघरातल्या संगणकावरून रोज संध्याकाळी नऊ नंबरच्या बोअरला पत्र लिहीत होती. कुत्र्याच्या पायातला काटा निघाला. आणि बोअर तिला उलट कळवत होती: टाकी ८२, पंप चालू, सगळं बरं. मग ती पुढचं लिहीत होती.

आता सगळं उलगडलं. उपग्रह डोक्यावर नसेल तोवर निरोप वाटेत तुंबून राहतात. तो वर आला की तीन-चार एकदम पेटीत येऊन पडतात. पहिल्या पत्राचं उत्तर पेटी तयार करतेय तोवर दुसऱ्याची टकटक, ते अर्धं टाकून दुसऱ्यासाठी उठायचं, तोवर तिसऱ्याची. प्रत्येक अर्धवट उत्तर, प्रत्येक न वाचलेलं पत्र त्याच फळीवर. दोन कशीबशी मावत. तिसरं आलं की फळी खाली टाकीच्या नोंदीवर कोसळे. टेबलावरच्या पेटीला ग्लेनिसने तासाला एक प्रश्न विचारला होता. असा महिनाभर विचारला असता तरी पेटी मेली नसती.

तिने त्या भागाची फाइल उघडली. वर चौदा वर्षांपूर्वीची तारीख, तिचीच आद्याक्षरं. टकटक झाल्याक्षणी तिथेच उत्तर लिहायला बसायचं, ही तिचीच रचना. खाली तिचाच शेरा: दिवसातून एकदा विचारतील, फार तर दोनदा.

तिकडच्या माणसांना ओळखून केलेला हिशेब होता तो. दोनदा कोण विचारतं?

*

कॅलमला तिने दुपारी सांगितलं. पत्रांचं सांगितलं नाही. एका मिनिटात तीन निरोप आले की पेटी कोसळते, एवढंच.

"अगं मग सोपं आहे," कॅलम चालता चालता म्हणाला. "दहा मिनिटांत एकच प्रश्न घ्यायचा, बाकीचे टाकून द्यायचे. एक ओळ बदल. आणि बाईंना मेल टाकतो मी, वारंवार निरोप पाठवू नका, त्याने यंत्रणेवर ताण येतो."

"मेल टाकायचा नाही."

"का?"

"चूक तिची नाही. रचना माझी चुकलीय."

"ग्लेन, कुणाची चूक ते कोण विचारतंय? एक माणूस पंपाला दिवसातून पन्नास प्रश्न विचारतो, हे नॉर्मल नाही. सांगायला काय हरकत आहे?"

ग्लेनिसच्या डोळ्यांसमोर आयल्सा तो मेल वाचताना आली. एकदाच वाचला असता तिने. काही बोलली नसती. त्या दिवसापासून एकही निरोप पाठवला नसता, आणि आपण बोअरशी बोलतो हे ॲडलेडमधल्या कुणा पोराला कळलं, ही लाज घेऊन निमूट पिवळ्या खोलीत जाऊन बसली असती.

"तू मेल टाकलास तर मी दुरुस्ती पाठवणार नाही," ती म्हणाली.

फोनमधली पावलं थांबली. इतक्या वर्षांत तिने त्याला असलं काही म्हटलं नव्हतं.

"बरं," कॅलम म्हणाला. "पण पंधरा तारीख ती पंधरा तारीख."

एका ओळीचं काम नव्हतं ते. फळीची सगळी मांडणी नव्याने. टकटक झाली तर आता उठायचं नाही, दारामागे खडूने एक रेघ मारायची आणि हातातलं काम पुरं करायचं. रिकामं झालं की रेघा मोजून तितकी उत्तरं पाठवायची, एकामागून एक. चिन्हापुढचा मजकूर साठवायचाच नाही. आला तसा जाऊ द्यायचा. आणि रोजच्या अहवालात किती प्रश्न आले त्याची फक्त संख्या. सहा दिवस ती शेडमधून जेवायलाही नीट उठली नाही. मग टेबलावरच्या पेटीवर एकदम तीन प्रश्न सोडले, मग दहा, मग शंभर. पेटीने शंभर वेळा सगळं बरं म्हणून कळवलं आणि चुना होता तिथेच राहिला.

अकरा तारखेच्या टपालगाडीने बोर्ड गेला. आयल्साने बसवला. या खेपेला एक स्क्रू उरला.

"काय हुतं मग शेवटी?" तिने विचारलं.

"मी आत जागा कमी ठेवली होती."

"माझ्या हातनं काई झालं का? खरं सांग."

"नाही."

"म्हंजी तुझी चूक."

"माझीच."

"चौदा वर्सांची?"

"चौदा वर्षांची."

आयल्साने उरलेला स्क्रू डब्यात टाकल्याचा आवाज आला. "रॉसनं आक्ख्या जल्मात एक चूक कबूल क्येली न्हाई," ती म्हणाली. "त्याला दाखवायला पायजे हुती तू."

*

जानेवारी गेला. फेब्रुवारीत सलग नऊ दिवस पारा सेहेचाळीसवर होता. क्वॉर्नमधले निलगिरीचे वृक्ष उभ्या उभ्या फांद्या टाकू लागले. यारापिनाची एकही पेटी थांबली नाही. कॅलमने दोन शब्दांचा मेल पाठवला, छान काम, आणि पेट्या काढायचा विषय संपला. आयल्सा राहिली.

फोन मात्र बंद झाला. आधी संध्याकाळचा, मग सकाळचा. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. पेटी बरी होती, सांगायचं काय? ग्लेनिस रोज सकाळी अहवाल उघडी. नऊ नंबर: काल प्रश्न सात, उत्तरं सात. परवा अकरा. एका रविवारी एकोणीस होते, त्या दिवशी काय झालं असेल याचा ती दिवसभर विचार करत राहिली. कळायला मार्ग नव्हता. मजकूर साठवायचा नाही हे तिनेच ठरवलं होतं.

महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी सव्वासातला तिने स्वतः फोन लावला.

पहिल्या घंटीलाच उचलला गेला. "कुठली? नऊ? का दोन नंबर?" आयल्साला धाप लागली होती. मागे किल्ल्यांचा आवाज, जाळीचं दार आपटलं, कुत्रे भुंकले.

"आयल्सा, थांब. कुठलीच नाही. सगळ्या चालू आहेत."

"मग?"

"सहज केला."

किल्ल्या टेबलावर पडल्याचा आवाज आला. "सहज," आयल्सा म्हणाली. "बाई गं, काळीज हातात आलं की माझं. येक बूट घालून बी झाला."

"चुकलं माझं."

"चुकलं कशाचं त्यात. पन हितं एवढ्या सकाळी फोन वाजला म्हंजी काईतरी मेलेलं आसतंय, पोरी. उगं नगं करत जाऊ. पेटी बिगडली तर कर."

"बिघडायची नाही आता ती."

"न्हाई न? लई गुनाची झालीय. कवाबी इचारा, बरं हाय म्हनून सांगती."

"सांगेल."

"तुझ्याकडं पाऊस?"

"नाही."

"हितं बी न्हाई. ठिवू?"

"ठेव," ग्लेनिस म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती खुर्चीतच बसून राहिली. तिकडे जाळीच्या दाराशी एका पायात बूट घातलेली बाई उभी असेल. तो काढायला वाकावं लागेल तिला, त्या कमरेने.